‘आपण’ म्हणजे नेमकं कोण? फुटबॉलच्या चाहत्याच्या ऑफ सीझनमधल्या मतांची तपासणी

निष्ठेवर बोलायचं म्हटलं की आपल्याकडची उदाहरणं ठरलेली असतात. गुरू आणि शिष्य, पक्ष आणि कार्यकर्ता, फार तर विठ्ठल आणि वारकरी. आज आम्ही जरा आडवाटेचं उदाहरण घेतलंय. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलँड नावाचं शहर आहे. तिथल्या ‘ब्राउन्स’ या फुटबॉल संघाचा चाहता खेळ बंद असतानाच्या दिवसांत जी मतं मांडतो, त्या मतांची आज चिकित्सा करायची आहे. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हे कशाला, असं काहींच्या मनात येईल. तासाभरात त्याचं उत्तर मिळावं अशी अपेक्षा आहे.

आधी दोन-चार गोष्टी स्पष्ट करून घेऊ. हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा, फेकायचा. संघातला सगळ्यांत महत्त्वाचा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. एनएफएल या लीगमधले सामने सप्टेंबरात सुरू होतात, जानेवारीच्या सुरुवातीला नियमित हंगाम संपतो, आणि फेब्रुवारीत अंतिम सामना, ‘सुपर बोल’. क्लीव्हलँडसारख्या संघाचं काम बहुधा जानेवारीतच आटोपतं. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने खेळच नाही. हा ऑफ सीझन. मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू नवे संघ शोधतात. एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो, कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंची वाटणी. तिचा नियम असा की सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड. शिवाय प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला वरची मर्यादा. या दोन नियमांमुळे कुठलाच संघ कायमचा बुडालेला ठरत नाही. शेवटून पहिला आलेला संघ हाच भविष्यातला सगळ्यांत श्रीमंत वारस. आशा इथे नियमातच लिहून ठेवलेली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

अशा महिन्यांत चाहता जे बोलतो-लिहितो, त्याचा एक ठरलेला घाट असतो. आधी गेल्या हंगामाचा पंचनामा. मग कोण आला, कोण गेला, किती डॉलरला, याची वही. शेवटी भाकीत: यंदा नऊ सामने जिंकू, पुढच्या वर्षी बारा. अशी मतं पाच-पन्नास वाचली की एक गोष्ट लक्षात येते. खेळाडूंची नावं बदलतात, आकडे बदलतात, एक शब्द मात्र बदलत नाही. तो शब्द म्हणजे इंग्रजीतला ‘वी’. गेल्या वर्षी ‘वी’ हरलो, मार्चमध्ये ‘वी’ अमुक खेळाडू घेतला, पुढच्या वर्षी ‘वी’ जिंकू. तिन्ही वाक्यांत शब्द एकच. आमच्या मते चाहत्याच्या विचारातला सारा घोळ या एका शब्दात दडलेला आहे.

मराठी माणसाला हा घोळ चटकन पकडता यावा, कारण आपल्या भाषेनं इथे दोन शब्द ठेवलेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. (व्याख्याता ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्यात तो बहुतेकदा एकटाच असतो, ते सोडा.) क्रिकेटचा सामना झाला की घरोघरी ‘आपण जिंकलो’ असंच म्हणतात. पण ‘आपण अमक्याला कर्णधार केलं’ असं म्हणताना जीभ थोडी अडखळते. तिथे आपण म्हणतो, ‘त्यांनी केलं’. ते अडखळणं महत्त्वाचं आहे. आज आपल्याला त्याचाच अर्थ लावायचाय.

जोसाया रॉइस नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ होऊन गेले, हार्वर्डला शिकवायचे. त्यांचं ‘द फिलॉसफी ऑफ लॉयल्टी’ हे पुस्तक 1908 मध्ये आलं. तीही मुळात बॉस्टनमध्ये दिलेली जाहीर व्याख्यानंच. पुढे 1913 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ ख्रिश्चॅनिटी’मध्ये त्यांनी समाज कशानं बनतो, या प्रश्नाला हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसं एकत्र उभी राहिली म्हणून समाज होत नाही. जी घटना माझ्या जन्माआधी घडली तीही मी ‘माझी’ म्हणतो, आणि तुम्हीही ‘माझी’ म्हणता, तेव्हा आपण स्मरणाचा समाज होतो. आणि जी घटना अजून घडायची आहे तिच्याकडे दोघेही ‘माझी’ म्हणून डोळे लावतो, तेव्हा आशेचा समाज होतो. याचा अर्थ, चाहत्याच्या ‘आपण’ला वेडगळपणा म्हणून उडवून लावता येत नाही. भूतकाळ आणि भविष्यकाळ यांच्यापुरता तो ‘आपण’ खराच असतो.

क्लीव्हलँडचं स्मरण कशाचं आहे ते बघा. या संघानं शेवटचं विजेतेपद मिळवलं 1964 साली. तेव्हा सुपर बोल सुरूही झाला नव्हता. सुरू झाल्यापासून एकदाही ब्राउन्स त्या सामन्यापर्यंत पोचलेले नाहीत. 1987 आणि 1988 च्या जानेवारीत अगदी दारापर्यंत गेले, दोन्ही वेळा डेन्व्हरकडून हरले. आणि मग 1995. त्या वर्षी 6 नोव्हेंबरला मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँड परिसरातल्या मतदारांनी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायला मोठ्या बहुमतानं मंजुरी दिली. विचार करा, संघ निघालाय हे ठाऊक असताना लोकांनी त्याच्या घरदुरुस्तीचे पैसे मान्य केले. 17 डिसेंबरला जुन्या स्टेडियममधला शेवटचा सामना झाला. ब्राउन्स जिंकले, आणि लोकांनी बाकडी उखडून घरी नेली.

पुढे जी तडजोड झाली ती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं नीट वाचावी अशी आहे. खेळाडू, करार, कर्मचारी बाल्टिमोरला गेले. नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडलाच राहिला. तीन वर्षं मैदानावर संघ नव्हता, तरी ‘ब्राउन्स’ कागदोपत्री अस्तित्वात होते. 1999 मध्ये नवे खेळाडू, नवा मालक घेऊन तेच नाव पुन्हा उतरलं. मग संघ म्हणजे काय? माणसं की नाव? तडजोडीनं उत्तर दिलं, की संघ म्हणजे स्मरण, आणि स्मरण शहराचं. तिकडे बाल्टिमोरला गेलेल्या माणसांच्या संघानं जानेवारी 2001 मध्ये सुपर बोल जिंकला. क्लीव्हलँडच्या चाहत्यानं त्याला ‘आपण जिंकलो’ म्हटलं नाही. त्याला ते नेमकं कळलं होतं.

आता आशेचं बघू. 2016 च्या हंगामात ब्राउन्सनी 16 पैकी एक सामना जिंकला. 2017 मध्ये एकही नाही. जानेवारी 2018 मध्ये हाडं गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोकांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. 0-16 ची मिरवणूक! चेष्टा होतीच, रागही होता. पण नुसता राग असता तर माणूस घरी बसला असता. फ्रेंच विचारवंत गाब्रिएल मार्सेल आशा आणि आशावाद यांत भेद करतात. आशावादी माणूस हिशोब मांडून सांगतो की सगळं ठीक होणार. तो प्रेक्षकाच्या जागी उभा असतो. आशा बाळगणारा हिशोब मांडत नाही, तो कुणाबरोबर तरी उभा असतो. त्या दिवशी थंडीत उभी होती ती आशा. आणि ‘यंदा नऊ सामने जिंकू’ हा आशावाद. ऑफ सीझनमधल्या मतांत दुसऱ्याचा भरणा फार, आणि पहिलीला मात्र लोक भाबडेपणा म्हणून हसतात. आमच्या मते हा उलटा न्याय आहे. भाकीत चुकलं की खोटं ठरतं. आशा हरल्यानं खोटी ठरत नाही. 10 जानेवारी 2021 ला ब्राउन्सनी पिट्सबर्गला 48-37 असं हरवलं. 1 जानेवारी 1995 नंतरचा हा त्यांचा पहिला बाद फेरीतला विजय. त्या रात्रीच्या आनंदात मिरवणुकीतल्या थंडीचाही वाटा होता.

इथवर आम्ही चाहत्याच्या बाजूनं बोललो. आता अवघड भाग.

मार्च 2022. ब्राउन्सनी ह्यूस्टनकडून डिशॉन वॉटसन हा क्वार्टरबॅक घेतला. बदल्यात पहिल्या फेरीतले तीन हक्क आणि आणखी काही हक्क दिले. पाच वर्षांचा करार, 23 कोटी डॉलर, सगळी रक्कम हमीची. लीगमध्ये तोपर्यंत एवढी हमी कुणाला मिळाली नव्हती. त्या वेळी 22 महिलांचे दिवाणी दावे वॉटसनवर होते, मसाजच्या वेळी लैंगिक गैरवर्तन केल्याचे. त्यानं आरोप नाकारले. टेक्सासमधल्या दोन ग्रँड ज्युरींनी फौजदारी खटला चालवायला मंजुरी दिली नाही. पुढे बहुतेक दावे तडजोडीनं मिटले. लीगच्या चौकशीनंतर ऑगस्टमध्ये 11 सामन्यांची बंदी आणि 50 लाख डॉलर दंड झाला. करारात पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम दहा लाख डॉलरच्या घरात ठेवलेला होता, त्यामुळे बंदीच्या काळातला बुडालेला पगार 23 कोटींच्या मानानं किरकोळ ठरला. नैतिक प्रश्न सोडवायच्या आधीच त्याचा आर्थिक बंदोबस्त झालेला होता. कराराची कलमंसुद्धा कशी बोलतात ते बघा.

अशा वेळी चाहत्यानं काय म्हणावं? तीन प्रकारची उत्तरं त्या उन्हाळ्यात ऐकू आली.

पहिलं उत्तर वहीचं. तीन हक्क जास्त झाले की रास्त? पगाराची मर्यादा सांभाळता येईल का? हा चाहता हुशार असतो, त्याचे आकडे बहुधा बरोबर असतात. आमचा आक्षेप असा, की तो कोणाच्या खुर्चीत बसून बोलतोय हेच त्याला कळत नाही. तो बिनपगारी व्यवस्थापक झालेला असतो. ‘आपण तीन हक्क दिले’ असं तो म्हणतो तेव्हा ज्या निर्णयात त्याला कुणी विचारलं नाही त्यावर तो आपली सही करतो. आणि एकदा व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसलं की व्यवस्थापकालाच दिसतं तेवढंच दिसायला लागतं. 22 महिला त्या वहीत कुठल्या रकान्यात येणार? ‘जोखीम’ या रकान्यात. माणसाचं दुःख जोखमीच्या रकान्यात गेलं की विचार संपला असं समजावं.

दुसरं उत्तर: न्यायालयाचं काम न्यायालय करेल, आपण खेळ बघू. यात थोडं तथ्य आहे. जमावानं शिक्षा ठोठावू नये, हे खरंच. पण प्रश्न शिक्षेचा नव्हताच. इतके दावे उभे असताना इतिहासातली सगळ्यांत मोठी हमी देणं, हा गौरव करण्याचा निर्णय होता. गुन्हा शाबीत झाला नाही म्हणून गौरव करावा लागतो, असं कुठलंच न्यायशास्त्र सांगत नाही.

तिसरं उत्तर: माझा या संघाशी संबंध संपला. या माणसाबद्दल आम्हाला आदर आहे. काहींनी खरोखर तिकिटं सोडली. पण तर्काच्या बाजूनं बघितलं तर पहिल्याची चूक इथेही थोडी उरतेच. निर्णय मालकाचा, आणि दंड म्हणून सोडून दिलं ते स्मरण शहराचं. मॉडेलनं जे नेलं नाही ते आपण होऊन टाकून द्यायचं का?

चौथीही एक वाट होती, आणि ती थोड्यांनीच पण धरली. क्लीव्हलँडमध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना मदत करणारी संस्था आहे. करार जाहीर झाल्यावर अनेक चाहत्यांनी तिला देणग्या पाठवल्या, कित्येकांनी 22 या आकड्याच्या. हे लोक संघ सोडून गेले नाहीत, आणि निर्णयावर सहीही केली नाही. रॉइसकडे यासाठी एक कसोटी आहे. निष्ठा चांगली की वाईट हे ती किती कडवी आहे यावरून ठरत नाही. माझ्या निष्ठेमुळे जगातली एकंदर निष्ठा, विश्वास, वाढतो की दुसऱ्याचा मोडतो, यावरून ठरतं. निष्ठेविषयीची निष्ठा, असं ते म्हणतात. या कसोटीवर त्या देणगीदार चाहत्याची निष्ठा उतरते. व्यवस्थापकाची वही उतरत नाही.

आता पुढचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. तो करार फसला. बंदी, मग खांद्याची दुखापत, ऑक्टोबर 2024 मध्ये पायाचा स्नायुबंध तुटला. 2024 चा हंगाम 3-14. 2025 च्या वसंतात मालक जिमी हॅस्लम यांनी डाव फसल्याचं जाहीरपणे मान्य केलं. त्यानंतरच्या चाहत्यांच्या मतांत एक मोठं एकमत दिसतं: ती चूकच होती. आम्ही विचारतो, कशावरून? तो जिंकून देत नव्हता यावरून? मग सुपर बोल आला असता तर बरोबर ठरलं असतं का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 मध्ये ‘नैतिक दैवा’चा प्रश्न मांडला: कृतीचं नैतिक मोल नशिबानं येणाऱ्या परिणामावर अवलंबून असावं का? विल्यम्सना वाटे, की काही निर्णयांचं समर्थन मागाहून यशानंच होतं. मानू. पण ते समर्थन निर्णय घेणाऱ्याला मिळतं. ज्यांचं दुःख रकान्यात गेलं त्यांना ते बांधील नसतं. म्हणून 2024 च्या पराभवांवर बोट ठेवून 2022 चा निषेध करणं हा निषेधच नव्हे. तो उशिरा मांडलेला हिशोब आहे. उद्या दुसरा कुणी जिंकून देणारा मिळाला की हीच माणसं तशीच सही करतील. ज्यानं मार्च 2022 मध्ये, निकाल लागायच्या आधी, ‘हे बरोबर नाही’ म्हटलं, त्याच्याच मताला वजन आहे. ऑफ सीझनचं मोलही तेच. धावफलक बंद असतो, तेव्हाच माणसाला स्वतःच्या बुद्धीनं न्याय करावा लागतो.

निष्ठेची मागणी कुणाकडे केली जाते, हेही तपासायला हवं. फेब्रुवारी 2025 मध्ये संघाचा सर्वोत्तम बचावपटू माइल्स गॅरेट यानं दुसऱ्या संघात पाठवा अशी मागणी केली. काही चाहत्यांनी त्याला लगेच बेइमान ठरवलं. महिनाभरात वर्षाला चार कोटी डॉलरचा नवा करार झाला आणि तो राहिला. ठीक. पण खेळाडूनं जायचं म्हटलं की बेइमानी, आणि मालकानं संघ हलवायचा म्हटलं की धंदा, ही दोन मापं कुठून आली? ती व्यवस्थापकाच्या खुर्चीतूनच आली.

मालकाचं हलवणं हा काही भूतकाळ नाही. स्टेडियमचा भाडेकरार 2028 च्या हंगामापर्यंतचा. मालकांनी शहराबाहेर ब्रुक पार्क या उपनगरात सुमारे 240 कोटी डॉलरचं छप्पर असलेलं नवं स्टेडियम उभारायचं ठरवलं. ओहायो राज्याच्या 2025 च्या अर्थसंकल्पात त्यासाठी 60 कोटी डॉलरची तरतूद झाली. पैसा कुठला? नागरिकांचे जे पैसे कुणी दावा न केल्यामुळे राज्याकडे पडून असतात, त्या निधीतला. आणि यावर चाहत्याची चर्चा काय? छप्पर असावं की नसावं. बर्फातल्या सामन्याची मजा जाईल का. मंडळी, इथे ‘आपण’ हा शब्द पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं वापरता येतो. ‘आपण पैसे दिले’ हे वाक्य अक्षरशः खरं आहे. नेमक्या याच ठिकाणी चाहता ‘आपण’ सोडून ‘ते’ म्हणतो: ते स्टेडियम बांधताहेत, बघू कसं होतं. जिथे निर्णय आपला नाही तिथे सही, आणि जिथे पैसा आपला तिथे प्रेक्षक. हा उलटा कारभार.

वेगळं होऊ शकतं का? त्याच लीगमध्ये ग्रीन बे पॅकर्स हा संघ 1923 पासून भागधारकांच्या, म्हणजे चाहत्यांच्याच मालकीचा आहे. भागांवर लाभांश नाही, ते नफ्यानं विकता येत नाहीत. कोल्हापूरकरांना हे समजवावं लागणार नाही. तिथे संघ तालमीचा आणि तालीम पेठेची, ती उचलून दुसरीकडे कोण नेणार? पण ग्रीन बेसारखी मालकी आणखी कुठल्या संघाला त्या लीगचे नियम आता देत नाहीत. म्हणून क्लीव्हलँडच्या चाहत्याला मालक व्हा असं सांगण्यात अर्थ नाही. नागरिक व्हा, एवढं सांगता येतं. 1995 मध्ये संघ गेल्यावर तिथल्या लोकांनी राज्याला कायदा करायला लावला. 1996 च्या त्या कायद्याला लोक मॉडेलचंच नाव देतात. सार्वजनिक पैशावर उभ्या स्टेडियममधून संघ हलवणाऱ्या मालकावर त्यानं बंधनं घातली. ती ताकद चाहत्यांची होती. भाकितातून काही ती आली नव्हती.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. पुढच्या ऑफ सीझनमध्ये मत मांडताना चाहत्यानं प्रत्येक वाक्यातला ‘वी’ मराठीत करून बघावा. हरलो-जिंकलो, तिथे ‘आपण’ राहू द्या. खेळाडू घेतला, सोडला, करार केला, तिथे ‘त्यांनी’ लिहा आणि मग ‘त्यांनी’ जे केलं त्यावर न्यायाधीशासारखं बोला. आणि पैसा, जागा, कर, शहर, हे विषय आले की पुन्हा ‘आपण’. एवढं केलं तरी निम्मी मतं बदलतील. हे फक्त क्लीव्हलँडला लागू आहे असं आम्हाला वाटत नाही. पक्षाबद्दल, संस्थेबद्दल, देशाबद्दल बोलतानाही आपण कुठल्या वाक्यात कुणाच्या वतीनं सही करतोय, ते ज्यानं त्यानं बघावं.

वेळ होत आलीय. प्रश्न असतील तर घेऊ. फक्त पुढच्या वर्षी ब्राउन्स किती सामने जिंकतील, हे आम्हाला विचारू नका.